निवळीच्या दोन बिया

सोमारीच्या हातची तांदळाची दारू निवळते तशी कुरखेड्याच्या आसपास कुणाचीच निवळत नाही, असं सोमारी स्वतःच सांगायची, त्यामुळे त्यात शंका घ्यायची सोय नव्हती. बाकीच्या बायांची दारू म्हणजे तिच्या मते तांदूळ धुतलेलं पाणी. ती मात्र आंबलेला भात आधी टोपल्यात तणस अंथरून गाळायची, मग जुन्या लुगड्यातून गाळायची, आणि शेवटी निवळीची बी ओल्या दगडावर उगाळून ते पाणी मडक्यात ढवळायची. चार-पाच तासांत गाळ तळाला बसे. सकाळी मडक्यात वाकणाऱ्याला आपलं तोंड दिसे.

सोमारीला ते दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. डोळ्यांवर पडदा आला होता आणि तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. विहिरीपर्यंतची पावलं पाठ, माणसं आवाजावरून ओळखीची. देवाचं मडकं निवळणारी बाई अंगानं धड पाहिजे, असा गावाचा नेम होता. तिनं आपली नजर गेल्याचं सांगितलं असतं तर चाळीस वर्षांचा तो मान सून धुरपताकडे गेला असता, आणि धुरपताला तर भाकरी थापायलाही धीर नसे.

माघातल्या गावदेवाच्या पूजेला यंदा सोमारीचा मुलगा पोचू पहिल्यांदाच गायता म्हणून बसणार होता. गायता म्हणजे गावचा पुजारी. देवाला वाहिल्यावर पहिला द्रोण त्यानंच प्यायचा. मुलाचा मान म्हणून सोमारीनं आदल्या संध्याकाळी बी दुप्पट वेळ उगाळली. सकाळी माणसं मडकं उचलून देवाच्या झाडाखाली घेऊन गेली, आणि तिनं सवयीनं कनवटीची गाठ चाचपली.

आत निवळीच्या दोन बिया होत्या. तिच्याकडे होत्याच दोन.

मग काल दगडाजवळ हाताला लागलेली बी, कनवटीतून पडलेली समजून उगाळली, ती कसली?

ती भिंत धरत दगडापाशी गेली. उगाळलेली बी तिथंच होती. बोटांनी फिरवून पाहिली. एका अंगाला घासलेली, दुसऱ्या अंगाला चपटी आणि रेशमासारखी मऊ. धुरपतानं कुरखेड्याच्या व्यापाऱ्याला द्यायला कुचल्याच्या विषारी बिया तिथंच अंगणात वाळत घातल्या होत्या. कुचला चपटाच असतो. पण झिजलेली निवळीही चपटीच होते, असं सोमारीनं स्वतःला बजावलं. धुरपतानं एखादी जास्तीची ठेवली असेल. शेजारच्या बुधूच्या कुत्र्यानं कुचला खाल्ला होता तेव्हा त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते, पाठ उलटी वाकली होती, आणि डोळे उघडेच राहिले होते. तेव्हा सोमारीला दिसत होतं.

देवाच्या आधी दारू चाखायची नसते. तरी तिनं काल मडकं ढवळलेली पळी तोंडाला लावली. कडू लागली. पण आंबवणात मुळ्या घालतात, त्या कडूच असतात, आणि भीतीनं तोंड आधीच कडू झालं होतं. आता कशावरून ओळखायचं? ती बी मुठीत धरून, काठी घेऊन निघाली, वाटेत दोनदा पडली.

झाडाखाली ढोल थांबला होता. पोचूनं द्रोण भरला असावा, कारण त्याचा आवाज आला.

"माय, यंदा निवळली नाई. गढूळ काऊन हाये?"

निवळी असती तर निवळली असती. आता तिला कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

"पोचू, पिऊ नको. ठेव खाली."

"देवाले वाहून झालं, माय. आता तर…"

"ठेव म्हणतो ना! मले दिसत नाई रे. दोन वर्सापासून दिसत नाई." तिनं मुठीतली बी पुढे केली. "हे काय हाये ते तूच पाय."

बी तिच्या हातातून कुणीतरी घेतली. मग धुरपता म्हणाली, "कुचला हाये."

मडकं दूर नाल्यात नेऊन ओतलं. सोमारीला कुणी शिव्या दिल्या नाहीत, आणि ते तिला फार झोंबलं. घरी अर्धं आंबवण गाळायचं राहिलं होतं. तिनं कनवटीच्या दोन्ही बिया सुनेच्या हातावर ठेवल्या.

"दोनी पाहून घे. मंग सावकाश घास. घाई नको करू."

"नाई करत, बाई."

दुपार कलेपर्यंत सगळे झाडाखाली बसून राहिले. धुरपतानं नवं मडकं आणलं, पोचूनं पुन्हा देवाला वाहिलं. मग द्रोण भरून ठेवला, आणि कुणी हात पुढे करेना. लच्छू म्हातारा खोकला. ढोलवाल्यानं ढोल खांद्यावरून उतरवला. इतकी वर्षं हेच गाव सोमारीच्या हातचं डोळे मिटून प्यायलं होतं. पोचूनं शेवटी द्रोण उचलला, तशी सोमारीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"गायत्याच्या आधी आज मी."

"माय, तसा नेम नाई."

"आंधळीनं मडकं निवळायचा तरी कुठी होता?" तिनं द्रोण ओढून घेतला आणि सुनेच्या दिशेनं मान वळवली. "निवळली का गं?"

धुरपताचा आवाज जवळून आला. "तळ दिसून राह्यला, बाई."

धुरपतावर सोमारीनं आजवर कशाचाच विश्वास टाकला नव्हता, साध्या भाकरीचाही नाही. तिनं द्रोण तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग खाली बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले, आखडले तर सगळ्यांना दिसावेत म्हणून.