आधी ट्रिप, मग खोकी

"बाबा, आपण दुबई सोडून चाललोय का?"

हत्ताच्या धरणातल्या हिरव्यागार पाण्यावर, पायडल मारायच्या बोटीत मागच्या सीटवर बसून अस्मीने हा प्रश्न टाकला आणि पुढे बसलेल्या बाबांचे पाय थांबले. शेजारी आईचेही थांबले. बोट जागच्या जागी डुलायला लागली.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. थिअरी तिच्या वर्गातल्या रेयांशची. त्याचं म्हणणं असं, की ज्यांचे आईबाबा एरवी डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर ते मॉल आणि मॉल ते घर एवढंच फिरवतात, ते एकदम ड्रायव्हरसकट जीप घेऊन धरण, डोंगर, दऱ्या, वाळवंट असं सगळं दाखवायला निघाले, की समजायचं, यांनी गाशा गुंडाळला. इथे राहणारा माणूस इथलं काही बघत नाही, जाताना बघतो. त्याच्या मजल्यावरच्या नीरवच्या घरी असंच झालं होतं. आधी ट्रिप, मग दारात कार्गोची खोकी.

"हिंमत असेल तर विचार," असं तिची मैत्रीण सृष्टी म्हणाली होती.

आता हिंमतीचं नाव हल्लीच्या अस्मीपुढे काढायचंच नाही. एके काळी ही मुलगी 'प्रेझेंट, मिस'सुद्धा उंदराने चोरून बोलावं तसं बोलायची. पण शाळाशाळांच्या वादविवादात पहिली काय आली, तेव्हापासून गडी सुटलाच. वॉचमनशीसुद्धा ती मुद्देसूद बोलत होती. तर असा प्रश्न विचारायचा, बाबा 'वेडी आहेस का गं' म्हणून हसणार, आणि तेवढंच रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं, असा साधा बेत होता.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "कोण म्हणालं तुला?"

झालं. 'कोण म्हणालं' म्हणजे 'हो'. एवढं कळायला वादविवादातलं बक्षीस लागत नाही. तिने फोन हळूच पालथा केला.

मग त्या डुलत्या बोटीत शार्दूल देशमुखांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, आपल्या गुडघ्यांकडे बघत सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच नोकरी गेली होती. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते ऑफिसला नाही, इंटरव्ह्यूला जात होते. आता एक काम मिळत होतं, पार पश्चिमेकडे, वाळवंटातल्या साइटवर. पण सिंगल स्टेटस.

"म्हणजे काय?"

"म्हणजे राहायला कॅम्प. फॅमिलीचा व्हिसा नाही." त्यांनी घसा खाकरला. "तू आणि आई पुण्याला. बारावी तिकडे कर. मी येईन ना सुट्टीत. ट्रिपहून परतलो की सही करायचीय. तुझी परीक्षा होती म्हणून बोललो नाही."

"आई, तुला माहीत होतं?"

आई पाण्याकडे बघत होती. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

अस्मीला वाटलं, बोट कलली. पुणे म्हणजे वर्षातले थोडे दिवस, मावशीच्या घरी पाहुणचार, श्रीखंड, आणि 'अगोबाई, केवढी झाली.' पुण्यात राहायचं? कुणाशी बोलायचं? आत्ता कुठे तिला स्वतःचा आवाज सापडला होता, तोही याच शाळेत, याच स्टेजवर. आणि बाबांशिवाय? तिने एका दमात सगळं मांडलं. मी सृष्टीकडे राहीन. आपण शेअरिंगमध्ये एक खोली घेऊ. मी ट्यूशन्स घेईन. मी प्रिन्सिपलना भेटते, बघाच तुम्ही.

"व्हिसा, बेटा," बाबा म्हणाले. "व्हिसा नसेल तर काय बोलणार?"

"दॅट्स नॉट फेअर!" ती एवढ्यांदा किंचाळली की बाजूच्या बोटीतलं फिलिपिनो जोडपं वळून बघायला लागलं.

किनाऱ्यावर मुश्ताकभाई जीपला टेकून उभे होते. हे त्यांचे ड्रायव्हर. श्रीवर्धनचे, म्हणून मराठी बोलणारे, आणि म्हणूनच बाबांनी त्यांना खास मागून घेतलेलं. "काय मग, मजा आली ना?" त्यांनी हसत विचारलं. तिघांनीही एकदम मान हलवली. तिघंही एकदम खोटं बोलले, असं देशमुखांकडे पहिल्यांदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशीच्या दऱ्यांबद्दल अस्मीला विचारलंत तर ती काही सांगू शकणार नाही. दोन्हीकडे उंचच उंच तांबूस कडे होते, मधून पाण्याची बारीक धार होती, आणि बाबा दर वळणावर "अस्मी, इकडे बघ, स्माइल" म्हणत होते. प्रत्येक फोटो काढताना ते असे घाई करत होते, जणू कुणीतरी येऊन ती दरी उचलून नेणार आहे. अस्मी स्माइल द्यायची आणि मनात म्हणायची, हा फोटो ते कॅम्पमधल्या पलंगावर पडून बघणार. तरी तिने हार मानली नव्हती. रात्री अल ऐनच्या हॉटेलात तिने बाबांना पुन्हा गाठलं, पुन्हा मुद्दे मांडले. बाबा ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तू छान बोलतेस गं." एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

आता तिसरा दिवस. लिवाकडची वाळू.

डांबरी रस्ता संपायच्या जरा आधी एक पेट्रोल पंप होता, त्याला लागून मशीद आणि एक पंक्चरवाला. मुश्ताकभाईंनी तिथे चारही टायरांची हवा बरीचशी सोडली. "नमाज पढून येतो, तोवर तुम्ही जरा पाय मोकळे करा," म्हणून ते गेले. आई आणि अस्मी पंपावरच्या दुकानात शिरल्या. हवा सोडली तेव्हा बाबा बाथरूममध्ये होते. ते बाहेर आले आणि त्यांना दिसलं काय, तर चारही टायर बसलेले!

आता हे दृश्य पुण्याच्या माणसाने बघायचं आणि गप्प राहायचं? ज्यांनी कॉलेजात असल्यापासून दर रविवारी स्कूटरची हवा तपासली, इथेसुद्धा पंपावर गेल्यावर पेट्रोलच्या आधी 'एअर, एअर' करतात, त्यांनी? त्यात दोन महिने रिकाम्या हातांना काहीतरी कामाचं करायला मिळालं. किल्ली गाडीलाच होती, त्यांनी स्वतः जीप दहा पावलं पुढे घेतली आणि पंक्चरवाल्याकडून चारही टायर टणटणीत करून घेतले. पुन्हा गाडी होती तिथे लावली. कुणाला सांगायचं म्हणजे श्रेय मागितल्यासारखं, म्हणून सांगितलंही नाही.

वाळूत पहिली टेकडी कशीबशी पार झाली. "गाडी आज अशी का करतेय?" मुश्ताकभाई पुटपुटले. दुसऱ्या टेकडीवर अर्ध्यात चाकं जागच्या जागी फिरली, गाडी आडवी घसरत खाली आली आणि वाटीसारख्या खड्ड्यात पोटापर्यंत रुतली. आईने अस्मीचा हात असा धरला की बोटांचे वळ उठले.

मुश्ताकभाई उतरले. त्यांनी टायरवर लाथ मारून बघितली. मग दुसऱ्यावर. मग वर बघून विचारलं, "हवा कोणी भरली?"

बाबांनी शाळेतल्यासारखा हात अर्धा वर केला.

"मी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, कमी आहे…"

"विचारायचं तरी, साहेब!" एरवी 'जी' शिवाय न बोलणारा माणूस कडाडला. "वाळूत टायर मऊ ठेवावा लागतो, पसरला तरच चालतो. एक शब्द विचारायचा होतात!"

मग काय, पुन्हा हवा सोडली. फावडं घेतलं. बाबांनी शर्टाच्या बाह्या सरसावून वाळू उपसायला घेतली. एक फावडं काढलं की दोन फावडी वरून घसरत होती. ढकलताना बाबा तोंडावर पडले, उठले, परत ढकलायला गेले. गाडी बोटभर हलली आणि आणखी बसली. इंजिनातून जळका वास यायला लागला तेव्हा मुश्ताकभाईंनी किल्ली काढून घेतली. "खलास. आता ओढून काढायला रिकव्हरीची गाडीच बोलवायला हवी." त्यांच्या फोनला रेंज नव्हती. कुणाच्याच नव्हती. ऊन डोक्यावर होतं, आणि चहूकडे एकसारखी लाल वाळू, जिला ना दार ना खिडकी.

बाबा गाडीच्या सावलीत बसले. तोंडावर वाळू, शर्टाचं बटण तुटलेलं. "मला काही म्हणजे काही धड जमत नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणून नाही. वाळूलाच म्हणाले असतील.

आणि एवढे दिवस बोटीत, दरीत, हॉटेलात तोंड मिटून बसलेली आई फुटली.

"जमत नाही असं नाहीये, शार्दूल. तुम्ही विचारत नाही! टायरचं विचारलं नाहीत, ते चालून जाईल. आम्हाला विचारलंत? नोकरी गेली, मला कधी सांगितलंत? आमची पुण्याची तिकिटं काढल्यावर! कॅम्पात राहायचं ठरवलंत, मी पुण्यात एकटीने घर चालवायचं ठरवलंत, ही कुठल्या कॉलेजात जाणार ते ठरवलंत. सगळं तुमचं तुम्हीच भरून टाकलंत टणटणीत!"

"तुमच्यासाठीच करतोय ना मी, प्रज्ञा."

"हो ना! आमच्यासाठी, आम्हाला वगळून."

बाबा रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. अस्मीने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तिला धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं.

"बेटा, तुझ्या फोनला नेटवर्क दुसरं आहे ना?" मुश्ताकभाई हळूच म्हणाले. "चल वर. बघू लागतंय का. यल्ला, चल."

ती टेकडी चढणं म्हणजे एक पाऊल वर आणि अर्धं खाली. अस्मी हातापायांवर चढली. डोळ्यांत वाळू होती की पाणी, तिचं तिलाच माहीत. माथ्यावर पोचल्यावर दोन्ही फोन एकदम जागे झाले. तिच्यावर सृष्टीचे मेसेज धडाधड आदळले. 'विचारलंस का?' 'अगं बोल ना!' 'घाबरलीस ना?' तिने ते सरकवून टाकले. मुश्ताकभाईंनी कंपनीला फोन लावून जागा समजावली. गाडी निघतेय, संध्याकाळच्या आत पोचते, पाणी जपून प्या, असं ठरलं.

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच त्यांना गावाहून फोन आला. वारा होता म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"अहो, कुठे होतात सकाळपासून?" बाईचा आवाज, मागे खूप माणसांचा गलका. "महाडचे पाहुणे आलेले. पोरगी पसंत पडली त्यांना. आम्ही साखरपुडा उरकून पण घेतला. तुम्ही लागत नव्हता, मग किती थांबवायचं लोकांना? भाईजान म्हणाले, होऊन जाऊ दे."

मुश्ताकभाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बरं केलंत," म्हणाले. "पोरगा कसा आहे?"

"चांगला आहे. फोटो पाठवते ना. ठेवू? जेवणं वाढायचीत."

"आणि नसीमा? खूश आहे ना?"

फोन बंद झाला होता. रेंज गेली की तिकडून ठेवला, कोण जाणे. मुश्ताकभाई फोन तसाच तोंडासमोर धरून उभे होते. मग त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. अस्मीकडे वळले तेव्हा चेहरा रोजचा होता. "माझी मोठी," ते म्हणाले. "मी इकडे आलो तेव्हा पाळण्यात होती. मुबारक म्हण की."

"मुबारक, अंकल," अस्मी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

तिला एकदम स्वच्छ दिसलं. स्टेज नाही, सृष्टी नाही, डिस्कव्हरी गार्डन्सची गॅलरी नाही. दिसलं ते हे, की ती पुण्यात काहीतरी मोठं जिंकली आहे, घरी पेढे वाटले जात आहेत, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, शार्दूलला कळवायचं राहिलं. आणि बाबा कुठल्याशा टेकडीवर उभे राहून 'बरं केलंत' म्हणतात. कुणी वाईट नसतं. फक्त माणूस लागत नसतो. ती तीन दिवस कशासाठी भांडत होती? इथे राहायला मिळावं म्हणून. चुकीच्या गोष्टीसाठी जिवाच्या आकांताने भांडत होती.

ती खाली निघाली. निघाली कसली, घसरलीच. बसून, लोळून, एक बूट हातात घेऊन. खाली आई गाडीच्या एका बाजूला होती, बाबा दुसऱ्या बाजूला. मध्ये रुतलेली जीप.

"रेंज मिळाली?" आईने विचारलं.

"मिळाली. गाडी येतेय." तिला धाप लागली होती. "बाबा, इकडे या. आई, तूपण ये. नाही, एका बाजूला या दोघं. प्लीज."

ते आले. बाबांचे डोळे लाल होते. अस्मीला वाटलं आता मुद्दे नंबरवार मांडावेत, पण नंबर आठवेनात. बूट तसाच हातात होता.

"मी पुण्याला यायला तयार आहे," ती म्हणाली. "मराठीतून शिकवलं तरी चालेल, मावशीच्या हॉलमध्ये झोपायला लागलं तरी चालेल. पण तुम्ही ती सही करायची नाही, बाबा. तिकडे नोकरी नाही ना? नसू दे. घरी बसा, माझ्या डोक्यावर बसा, सोसायटीतल्या सगळ्यांच्या स्कूटरची हवा तपासा. पण आपण तिघं जायचं. मी ठरवलंय. तुम्ही विमानात नसाल तर मीपण चढणार नाही, मला उचलून न्यावं लागेल, आणि मी एअरपोर्टभर ओरडेन, मला आता ओरडता येतं."

बाबांनी तोंडावरची वाळू पुसली आणि आईकडे वळून विचारलं, "प्रज्ञा, तुला काय वाटतं?"