डाव्या जबड्यातली खाच

मारेन थीसनची तीन वर्षांची मेहनत एका खाचेवर उभी होती. खाच केवढी, तर मसुराचा दाणा ठेवला की भरली. मगरीसारख्या प्राण्याची ती कवटी पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीची, गावाबाहेरच्या खाणीतल्या तेलकट पाटीदगडातली. बाकी हाडन् हाड ॲलिगेटरच्या एका आखूडतोंड्या, केव्हाच नाव मिळालेल्या भाऊबंदासारखं. पण त्या भाऊबंदाचा खालचा सुळा तोंड मिटलं की वरच्या जबड्यातल्या खळगीत लपतो. इथे खळगीच्या जागी जबड्याच्या काठाला खाच होती, म्हणजे सुळा बाहेरून दिसणार. तेव्हा जात नवी, आणि मारेनची पीएचडी पक्की.

जातीला नाव द्यायचं ठरलं होतं रोसविता ब्रोमर यांचं. बाई चौतीस वर्षं गावातल्या संग्रहालयात दगडातून हाडं मोकळी करत आल्या होत्या. हा दगड वाळला की पापडासारखा तडकतो, म्हणून एका हातात पाण्याचा फवारा, दुसऱ्यात सुई. मारेन तासन्तास ते हात बघत बसे. ग्रंथ मोठमोठ्या प्राध्यापकांनी लिहिले, पण प्राणी दगडाबाहेर काढले ते या बाईंनी, आणि त्यांचं नाव कुठे, तर शेवटच्या आभारांत! मारेनला ते फार सलायचं.

मारेनचा लेख शुक्रवारी छापायला जायचा होता आणि त्याच दिवशी बाई निवृत्त होणार होत्या. बुधवारी मारेनने आलुबुखारचा केक आणि लेखाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला.

"काय हो थीसनबाई, तुम्हा समुद्राकाठच्यांना केकही जमतो? मला वाटलं, नुसती मासळीच!"

मग बाईंनी जातीचं नाव वाचलं. चष्मा काढून पुसला. पान उलटलं, खाचेचा मोठा केलेला फोटो पाहिला. उठून त्यांनी पाण्याच्या डब्यातली कवटी काढली, भिंगाखाली धरली.

"ही खाच माझी आहे."

"तुमचीच तर. तुम्हीच शोधलीत."

"शोधली नाही हो, केली! तेव्हा नवी होते मी. खळगीवरचं हाड कांद्याच्या पापुद्र्याएवढं. दगड समजून खरवडलं असणार, म्हणून खळगीची खाच झाली. हे ओरखडे बघा, कसे तिरके गेलेत. डावखुऱ्याचे आहेत. या इमारतीत डावखुरी मी एकटीच."

मारेन भिंगावर वाकली. "चौतीस वर्षांनी नक्की कसं सांगणार? आणि ओरखडे बघतंय कोण?"

"मी बघितले ना." बाई शांत होत्या. "उजवी बाजू अजून दगडातच आहे. तिलाच विचारू. निवृत्ती काय पळून जातेय?"

क्ष-किरण यंत्राच्या चित्रात त्या भागाचा नुसता काळा डाग दिसायचा, त्यामुळे सुईशिवाय इलाज नव्हता. शुक्रवार गेला. निवृत्त बाई रोज सकाळी आठला हजर. मारेन शेजारी बसून मनात एकच धावा करायची, खाच निघू दे. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सुई खाली ठेवली आणि दिवा मागून धरला. हाडाचा पापुद्रा अखंड होता, इतका पातळ की उजेड आरपार आला. त्याच्याआड खळगी होती.

जात जुनीच निघाली. मारेनला रडू फुटलं. तीन वर्षं पाण्यात गेल्याचं दुःख होतंच, पण त्या पापुद्र्यावर एक ओरखडा नव्हता, हे पाहूनही तिचे डोळे भरले होते.

तिने लेख नव्याने लिहिला. पीएचडी वर्षभर लांबली. 'डाव्या बाजूची खाच नैसर्गिक नाही,' या वाक्यापुढे बाईंनी पेन्सिलने भर घातली: 'ती रोसविता ब्रोमर हिच्या हातून झाली.'

"नाव कशाला, ब्रोमरबाई?"

"लिहायचं. नाहीतर उद्या दुसरी कोणी याच खाचेत तीन वर्षं घालवेल." बाईंनी सफरचंदाच्या वाइनचे दोन पेले भरले. "आणि ते ब्रोमरबाई, अहो-जाहो आता पुरे. रोसविता म्हण."

चौतीस वर्षांत त्या इमारतीत बाईंनी एकेरी हाक मारायला कोणालाच सांगितलं नव्हतं. मारेनने पेला उचलला.

"बरं, रोसविता," ती म्हणाली. "तुझं नाव राहील लेखात."