हीट शील्डला हातोडी

आमच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. तिचा पाय एका जागी ठरत नाही आणि जीभ तर त्याहून नाही. शाळेत मात्र तिला जीभ आहे याचा कुणाला पत्ताच नव्हता. शाळा बदलल्यापासून ती मागच्या बाकावर एकटी बसायची आणि मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खायची. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, मी फाटकाच्या फटीतून पाहिलं होतं. नवरा म्हणाला, आता एक दुर्बीण तेवढी घे. दुर्बिणीचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, पण ते त्याला कशाला सांगा.

मग एके दिवशी ती घरी आली ती भांडतच. वर्गातल्या एका मुलीनं तिला खोटारडी म्हटलं होतं. मी वरवर गंभीर चेहरा केला, पण आतून मला हायसं वाटलं. भांडायला का होईना, कुणीतरी मिळालं होतं.

भांडणाचं मूळ होतं एक जपानी ॲनिमे. (त्याला कार्टून म्हणायची आमच्याकडे बंदी आहे.) त्यात एक अवाढव्य रोबोट मोडक्या अंतराळयानाची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं कवच, उपसून काढतो आणि ढाल म्हणून हातात धरतो. शत्रूचा लेझर त्या ढालीवर विझतो, तोफगोळे आपटून परत जातात. भिंगरीनं वर्गात सांगितलं की हे अगदी खरं आहे, हीट शील्ड खऱ्या यानांनाही असते. त्यावर ती मुलगी म्हणाली, असते, पण ती तापण्यासाठी असते, मार खाण्यासाठी नाही. शब्दाला शब्द वाढला. शेवटी ठरलं की शनिवारी आमच्या घरी परीक्षा घ्यायची. हीट शील्ड पास झाली तर ती मुलगी भिंगरीच्या बाकावर येऊन बसणार. नापास झाली तर खोटारड्या मुलीशेजारी आपण बसत नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. मी त्या मुलीचं नाव मनातल्या मनात वकीलबाई ठेवून टाकलं.

घरात हीट शील्ड कुठून आणायची? माझा भाऊ चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. भाचीचा शब्द त्याला वरच्या साहेबाच्या शब्दापेक्षा जड. त्यानं भट्टीच्या भिंतीत वापरतात तसली पांढरी, हलकी, आतून भोकाभोकांची वीट आणली आणि पाव कापावा तशी करवतीनं कापून तिची एक जाड चौकोनी चकती काढून दिली. मामा-भाचीनं तिच्यावर चॉकलेटची वडी ठेवून खालून गॅस लावून पाहिला. खालची बाजू लाल झाली, वर चॉकलेट जसंच्या तसं. भिंगरी ती चकती शाळेत मिरवून आली, मग तिनं ती चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळली आणि वर रोबोटचं चिन्ह चिकटवलं.

जाताना भावानं मला दारात बाजूला घेतलं. म्हणाला, "ताई, आगीपुढे ही हार जाणार नाही. पण हातोडी लागली की भुगा."

त्यानं समजावून सांगितलं की खऱ्या यानाच्या कवचाचंही असंच असतं. यान हवेत शिरताना भयंकर तापतं, तेव्हा कवच उष्णता आत जाऊ देत नाही. काही कवचं तर स्वतः जळून, झडून यानाला वाचवतात. पण काही इतकी नाजूक असतात की नखाचा ओरखडाही उठतो. लेझर थोडा वेळ सोसतील, तोफगोळ्याचं नाव काढू नये.

आणि शनिवारच्या परीक्षेत दुसरा पेपर हातोडीचा होता.

माझी झोप उडाली. भुगा झाला की बाक गेला, बाक गेला की पुन्हा ती भिंत आणि तो डबा. शनिवारी सकाळी भिंगरी अंघोळीला गेली तेव्हा माझी नजर गॅलरीतल्या कुंडीखाली गेली. भावानंच कधीतरी दिलेली, भट्टीत भांडी रचायची काळी, दगडासारखी फळी तिथं होती. एकदा ती माझ्या हातून पडली होती आणि फुटली होती ती आमची फरशी. मी विचार केला, ही पण भट्टीतलीच, आग हिनंही जन्मभर सोसली आहे, शिवाय हातोडीला दाद देणार नाही. चकती आणि फळी आकारानं जवळजवळ सारख्या. मी कुंडी बाजूला सरकवून फळी काढली, चकतीचं फॉइल उतरवून तिच्यावर चढवलं, चिन्ह नीट चिकटवलं आणि पांढरी चकती धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत लपवली. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईनं हे केलं, हे लक्षात असू द्या.

वकीलबाई वेळेवर आल्या. दोन वेण्या, कपाळाला आठी, बरोबर स्वतःची हातोडी. मी ओला टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन ओट्याशी उभी राहिले.

पहिला पेपर आगीचा. गॅसवर कवच, कवचावर चॉकलेटची वडी. ॲनिमेचं सुरुवातीचं गाणं लावायचं आणि ते संपेपर्यंत चॉकलेट टिकलं तर पास. भिंगरी निर्धास्त होती, मीही होते. माझी सगळी काळजी हातोडीची होती.

गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत वडीनं बसकण मारली. दुसऱ्या कडव्यात तिचं डबकं झालं.

"तुझा रोबोट आत शिजला," वकीलबाई म्हणाल्या.

भिंगरीनं गाणं बंद केलं. शाळेत तिचा जो चेहरा असतो, तो मला फाटकाच्या फटीतून नाही, हातभर अंतरावरून दिसला. आणि माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. आग सोसणं वेगळं, आग अडवणं वेगळं. फळीचं कामच मुळी खालची आच वरच्या भांड्यांना पोचवायची. मी मुलीला हातोडीपासून वाचवायला गेले आणि जो पेपर तिचा हातचा होता त्यातच तिला पाडलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वकीलबाईंनी गॅस बंद करून सांडशीनं कवच उचलायला घेतलं. ते जेमतेम हललं.

"काकू, शाळेत मी ही एका बोटावर तोलली होती," त्या म्हणाल्या. "एका आठवड्यात एवढी कशी जड झाली?"

भिंगरीनं कवचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उघड्या दारातून गॅलरीकडे. कुंडीशेजारी फरशीवर फळीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला होता.

"आई, खरी कुठे आहे?"

मी कपड्यांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. सांगायला काही उरलंच नव्हतं, तरी सगळं सांगितलं. हातोडीची भीती, मामाचं बोलणं, भुगा, बाक. बाकाचं नाव निघालं तसे दोघींनीही कान टवकारले, आणि मला वाटलं की आता बाकाची उरलीसुरली आशाही गेली. वकीलबाईंनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग दोघी कोपऱ्यात जाऊन कुजबुजल्या आणि निकाल आला: परीक्षा पुन्हा, आई स्वयंपाकघराबाहेर.

"आणि गॅस?" मी विचारलं.

बादली आत राहू द्यावी आणि मी उंबऱ्याबाहेरून बघावं, इतकी सूट मिळाली.

पांढरी चकती गॅसवर चढली. गाणं संपलं, दोघींनी ते आणखी एकदा लावलं, चॉकलेट हूं की चूं करेना. भिंगरीनं ती वडी वकीलबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाऊन खात्री करून घेतली. मग चकती निवल्यावर हातोडी पडली, आणि भाऊ म्हणाला होता तेच झालं. ओटाभर पांढरा भुगा, दोघींच्या भुवयांवरसुद्धा.

मी भिंगरीकडे पाहिलं. ती हसत होती.

"एक पेपर तुझा, एक माझा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या मते रोबोटला बाहेरून काळी फळी हवी आणि आतून पांढरी वीट. भिंगरी म्हणाली, मग त्याला हात उचलता येईल का? त्यावर नवीन वाद सुरू झाला. तो भिंगरीच्या बाकावर बसून सोमवारी पुढे चालवायचा, असं त्यांचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

दंड म्हणून भुगा मी भरायचा होता. मी केरसुणी घेऊन ओट्याखाली वाकले होते, तेव्हा बाहेरच्या खोलीतून वकीलबाईंचा आवाज आला.

"तुझी आई एक नंबरची चीटर आहे हं."

"आहे," भिंगरी म्हणाली. "पण तसं फक्त मी म्हणायचं."

वकीलबाई म्हणाल्या, बरं, आणि ॲनिमेचा पुढचा भाग लावायला सांगितला. मी केर भरत राहिले. थोडा भुगा मुद्दाम ओट्याखाली राहू दिला, म्हणजे तिथून इतक्यात उठायला नको.