टाकीच्या तळाशी बसलेलं

दोन हजार बावीस साल. नवरात्र संपत आलं होतं, तरी खराबवाडीच्या आमच्या शेडमधल्या भट्टीला विसावा नव्हता. गाड्यांचे शाफ्ट लालभडक तापवून टाकीत बुडवायचे आणि कडक करायचे, हे आमचं काम. शेड आहे तिथे पूर्वी आमचा कांदा असायचा. कांदा गेला, तरी आमचे हे, लक्ष्मणराव, रोज सकाळी धुतलेली टोपी घालून तिथेच जायचे. शेड मुलगा रविराज चालवायचा. पण कुलूप उघडायचा मान यांचा. म्हातारपणी तेवढंच उरलं होतं त्यांना, आणि तेवढं पुरत होतं.

टाकीत नुसतं पाणी नसायचं. तापलेलं लोखंड साध्या पाण्यात टाकलं तर झटक्यात गार होऊन तडकतं. म्हणून पाण्यात पॉलिमर विरघळवलेलं असे. ते लोखंडाला लेप देतं आणि सबुरीनं गार करतं. एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी टाकी गार ठेवणारी मोटर जळाली. माल सणाआधी द्यायचा होता, म्हणून उरलेले शाफ्ट तसेच बुडवले. टाकीतून वाफा निघायला लागल्या. रविराज मोटर दुरुस्तीला घेऊन भोसरीला गेला. मागे राहिले हे आणि भट्टी सांभाळणारा काळेवाडीचा विक्की. मी पूजेचं सामान घेऊन तिथेच होते.

सणाला हत्यारं घासूनपुसून पूजतात, तशी यांना टाकीही लख्ख हवी होती. खालचा व्हॉल्व्ह उघडला, तर काकवीसारखं जाड काहीतरी ओघळायला लागलं.

"केवढी घाण साठलीय बघ," हे म्हणाले.

"आप्पा, गार होऊ द्या की टाकी. रविभाऊला येऊ द्या."

"तुझा रविभाऊ जन्मायच्या आधीपासनं खंडेनवमी करतोय मी. उद्या देवीपुढं असला चिखल ठेवू व्हय? धर बादली."

"धरतो. पण पूजेचा नारळ मला पायजे, आत्ताच सांगून ठेवतो."

"घे की. खोबरं माझं, करवंटी तुझी."

हसत हसत दोघांनी सगळं जाड काढून टाकलं. निवळ पाणी यायला लागलं तेव्हा हे थांबले. वरून नवं पाणी भरलं, झेंडूची माळ बांधली आणि मला हाक मारली, "बघ, इहिरीवानी तळ दिसतोय."

दसऱ्यानंतर बुडवलेले पहिलेच शाफ्ट तडकले. कंपनीनं सगळा माल परत पाठवला आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. रविराज विक्कीच्या अंगावर धावून गेला, तेव्हा हे मध्ये उभे राहिले.

"त्याला बोलू नगं. व्हॉल्व्ह मी सोडला."

सगळे कामगार बघत होते. रविराज आवाज न चढवता म्हणाला, "आप्पा, उद्यापासनं शेडमधी येऊ नका. घरी बसा."

यांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवली.

मग यांचं जेवण तुटलं. आमची सून स्नेहल ताथवड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एका दुपारी तिनं ते पॉलिमर बाटलीतून आणलं, काचेच्या ग्लासात पाण्यात कालवलं. पाणी नितळच दिसत होतं. मग तिनं तो ग्लास गॅसवरच्या उकळत्या पाण्यात धरला. बघता बघता आतलं सगळं दुधासारखं पांढरं झालं.

"आप्पा, गार असताना याच्या साखळ्या पाण्याचे कण धरून ठेवतात, म्हणून ते दिसत नाही. फार तापलं की ती पकड सुटते. पाणी वेगळं, हे वेगळं. मग जाड होऊन तळाशी बसतं. लोखंडावर लेप बसतो तोसुद्धा असाच."

"म्हंजी मी फेकलं ती घाण न्हवती."

"नाही. ते पॉलिमरच होतं."

तिनं ग्लास माठातल्या पाण्यात ठेवला, ढवळला. ते पुन्हा नितळ झालं. "टाकी गार झाली असती तर..." म्हणाली आणि जीभ चावली.

यांनी ग्लास कितीतरी वेळ हातात धरला होता. "विक्की म्हणत व्हता," एवढंच बोलले. मग तिच्याकडे वळून, शाळेतल्या पोरासारखे, "रवीला सांग, आप्पाला कळलंय म्हणावं. आता पुन्यांदा न्हाई व्हायचं."

तिनं त्याच दिवशी सांगितलं. रविराज म्हणाला, "नव्या कंपनीची माणसं शेड तपासायला येणारायत. ते ऑडिट होऊ दे, मग बघू." ऑडिट पुढे पुढे जात राहिलं. हे रोज सकाळी टोपी घालून ओट्यावर बसायचे. तिथून शेडचं शटर दिसायचं. मी घरातून बघायचे आणि आत वळायचे.

माघात एका सकाळी टोपी घालतानाच पडले. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. खांदा द्यायला विक्की धावत आला.

विक्की आता तळेगावला दुसऱ्या भट्टीवर आहे. त्याला मुलगी झाली, पेढे घेऊन आला होता. स्नेहल दर वर्षी पोरांना तो प्रयोग दाखवते. घरी त्या प्रयोगाचं नाव काढत नाही. रविराजला नवी कंपनी मिळाली. शेड वाढली आणि कुलूप तो स्वतः उघडतो, सगळ्यांच्या आधी जाऊन. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाला, "ऑडिट झालं की बोलवणारच होतो गं आई." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणखी काय करणार?

मी त्यांच्यातच राहते. खंडेनवमीला शेडच्या पूजेला न्यायला तो गाडी घेऊन दारात येतो. मी गुडघे दुखतात म्हणून सांगते.