अर्धा सूर वर

माझा दादा क्रेन चालवतो. मान रेड्यासारखी, मिशी झाडूसारखी, आणि गायला लागला की आवाज थेट बाईच्या उंचीवर. अशा पुरुषाला काउंटरटेनर म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीतनाटकांतले राजे याच उंचीवर गातात, त्यामुळे आमच्या मंडळाच्या नाटकात राजा दादाच होणार हे सगळ्यांना दिसत होतं. संचालक सोडून. त्याला सिंहासनावर स्वतःची मेव्हणी बसवायची होती.

"मिशीतून असला आवाज आला की लोक दात काढतात," तो म्हणायचा. लोक कुठले, हाच काढायचा.

शेवटी समितीने ठरवलं, दोघांनी राजाचं एकच गाणं गावं, साथीला फक्त हार्पसिकॉर्ड. पियानोचा हा पणजोबा मीच जुळवते, मीच वाजवते. याची पट्ट्यांची अख्खी चौकट सरकते. डावीकडे असली की जुन्या काळचा खालचा सूर, उजवीकडे ढकलली की सगळं अर्धा सूर वर. उरलेल्या फटीत एक ठोकळा बसवायचा, झालं.

चाचणीच्या सकाळी संचालकाने मला जिन्यात गाठलं.

"ताई, आज चौकट वर ठेवा. दोघांनाही. न्याय म्हणजे न्याय."

न्याय कसला डोंबलाचा. दादाचा शेवटचा सूर आधीच काठावर. अर्धा सूर चढवला की गळा फाटणार. मेव्हणीला मात्र खालचे सूर जड, वरचं सगळं हातचा मळ.

"सरकवली की नाही ते कळेल ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मला? झोपेतसुद्धा कळेल. कान आहे हा."

बरं म्हटलं, आणि चौकटीला बोटही लावलं नाही.

आधी मेव्हणी गायली. वर छान, पण खालच्या ओळींत नुसते ओठ हलत होते. मग दादा. शेवटचा सूर त्याने उचलला, धरला आणि हलू दिला नाही.

संचालक खुर्चीतून उठलाच. "अर्धा सूर चढवूनसुद्धा लागला याला?"

समितीच्या अध्यक्षीणबाई निवृत्त दंतवैद्य. त्यांनी चष्मा नीट केला.

"कोणी चढवला?"

"म्हणजे मी ताईंना सहज..."

बाई आल्या, कुणाच्या तोंडात डोकावावं तशा पट्ट्यांवर वाकल्या. "चौकट डावीकडेच आहे. चढवलेलं काही नाही." मग वळून शांतपणे म्हणाल्या, "कान दुखतोय का तुमचा?"

सगळ्यांनी माना खाली घालून स्वरलिपीची पानं चाळायला घेतली. बाईंनी वहीत दादाचं नाव लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

दादा मात्र फाटकापर्यंत माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिला.

"राजा झालास ना? मग थोबाड का असं?"

"मी खरंच अर्धा सूर वर गायलो, असं क्षणभर वाटलं होतं मला," तो म्हणाला. "म्हातारीने चष्मा जरा सावकाश नीट केला असता तर तिचं काय गेलं असतं?"