बिनटोपीचा खेळाडू

ओहायोतल्या एका पोलाद-गिरणीच्या गावाने ऐंशीएक वर्षांपूर्वी फुटबॉलचा व्यावसायिक संघ उभा केला होता, आणि एका हंगामात तो अजिंक्यही ठरला होता. त्या हंगामाच्या जुन्या फिती पाहून प्रत्येक सामन्यात काय काय घडतं ते लिहून काढायचं काम चांगी बिझनेस पार्कमधल्या श्रियाच्या कंपनीकडे आलं. अमेरिकन फुटबॉलमधलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं; पण नियम जरा चाळून घेतल्यावर चामड्याच्या टोप्या घातलेले, चिखलाने माखलेले ते गिरणीकामगार तिला आवडायला लागले. सांगलीहून सासरे राहायला आल्यापासून मॅनेजरने तिला घरून काम करायची मुभा दिली होती. वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी पेपर वाचत बसलेले दीनानाथ, अशा तिच्या दुपारी जात.

दीनानाथांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि देशाबाहेर पाऊल टाकलं ते या वयात, पहिल्यांदाच. एका दुपारी चष्म्यावरून पडद्याकडे बघत ते सहज म्हणाले, "आता तो कडेचा पडेल."

तो पडला.

"बाबा, तुम्हाला बरा कळतो हा खेळ," श्रिया हसून म्हणाली.

"खेळ नाही कळत. त्याला पाडणाऱ्याला ओळखतो. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत."

त्या अंधुक फितीत कुणाचा हातसुद्धा धड दिसत नव्हता. पण पुढच्या सामन्यात तो माणूस, साऱ्या संघात टोपी न घालणारा तो एकटाच, जमिनीवर हात टेकून कॅमेऱ्याजवळ ओणवा झाला आणि श्रियाने चित्र थांबवलं. दोन बोटं नव्हती.

तिने शेजारी वळून पाहिलं, तर जागा रिकामी. दीनानाथांनी आपली खुर्ची उचलून लॅपटॉपच्या पाठीमागे, भिंतीशी नेली होती.

"इकडे उजेड बरा आहे," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "हे चालू असताना मला हाक मारत जाऊ नकोस."

त्यानंतर श्रियाचं खेळावर लक्ष लागेना. चेंडू एकीकडे जायचा, त्याच्यामागे सगळे धावायचे, आणि बिनटोपीचा तेवढा जागच्या जागी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत असायचा. सामन्यागणिक तो थोडा अलीकडे आलेला असे. शेवटून दुसऱ्या सामन्यात तर त्याचा चेहरा पडदाभर झाला, आणि तेव्हा श्रियाला उमगलं की तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या शेजारी, दीनानाथांची खुर्ची आधी होती त्या रिकाम्या जागेकडे तो बघत होता. लॅपटॉप मिटायलाही तिला हात पुढे करवेना.

संध्याकाळी तिने हेमचंद्रला ती फीत दाखवली. नवऱ्याने ती दोनदा पाहिली.

"कॅमेऱ्याचं नवल वाटत असेल गं त्याला. गावाकडचा माणूस."

"आणि बोटांचं? बाबांना कसं कळलं?"

हेमचंद्रने वडिलांच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

सकाळी दीनानाथ तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "शेवटचा सामना लावू नकोस, श्रिया. एवढं ऐक माझं."

"घरात नाही लावणार, बाबा," ती म्हणाली, आणि त्या फितीची डिस्क पर्समध्ये टाकून ऑफिसला गेली.

भर दुपारी, आजूबाजूला फोन वाजत असताना, माणसं कॉफीचे कप घेऊन ये-जा करत असताना तिने तो सामना पाहिला. बिनटोपीचा त्यात नव्हता. खेळायला उतरले ते दहाच जण. रांगेत त्याची जागा मोकळी होती, आणि समोरचा संघ त्या मोकळ्या जागेतून धावायचं मुद्दाम टाळत होता. तरीही गिरणीवाले जिंकले. लोकांनी हॅट्स हवेत उडवल्या. श्रियाने फीत मागे नेऊन एकेक चेहरा, अगदी गर्दीतलासुद्धा, निरखून पाहिला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच तिला मोकळा श्वास घेता आला.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं. दीनानाथ पलंगाच्या कडेला बसले होते. अंगात परीटघडीचा सदरा होता, केस पाणी लावून बसवलेले होते.

"बाबा, पाहिला मी सामना. तो नाहीच आहे त्यात. तुम्ही उगाच भ्यालात."

"नाही?"

"कुठेच नाही. दहाच जण खेळले."

दीनानाथांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे तिथून निघालाय तो, माझ्याकडे यायला," ते म्हणाले. "येताना दार लावलंस?"

"लावलं. बाहेरच्या जाळीच्या दारालासुद्धा कुलूप घातलंय."

"मग उघडून ठेव," दीनानाथ शांतपणे म्हणाले. "भाड्याचं घर आहे. उगाच मोडतोड नको."