कुबातचं होकायंत्र

सायकालने होकायंत्र नातीला छातीशी नीट धरायला लावलं आणि ती स्वतः मागे सरली.

"सुई उत्तरेला. आपला तंबूही उत्तरेला. आज तू मला घरी न्यायचंस, मी बोलणार नाही."

"आणि चुकले तर?"

"तर उद्या मेंढ्या घेऊन एकटी जायचं नाही."

"बघच तू!" बुरुल ओठांत पावलं मोजत निघाली. तीनशेच्या आतच धुकं उतरलं आणि सारं कुरण पुसून गेलं.

सायकाल गप्प चालत होती. मग तिच्या कानांवर पाण्याचा आवाज आला. खालून, फार खोलातून.

"थांब!"

"सुई तर इकडेच दाखवतेय, आजी."

याच दरीत, साठ वर्षांपूर्वी, सायकालचा थोरला भाऊ कुबात मेलेला सापडला होता. जमीन मोजणीवाल्यांकडे नकाशा वाचायला शिकलेला. मुठीत हेच होकायंत्र, काचेला साधा तडा नाही. धुक्यात दरी हाक मारते, असं तेव्हापासून सगळे म्हणत आले.

"तुझा भाऊ बोलावतोय की काय मला?"

"जीभ आवर."

बुरुलने ओल्या गवतावर कोट पसरला, त्यावर नकाशा, नकाशावर होकायंत्र. सुई थरथरली आणि एका जागेकडे रोखून राहिली. बुरुलने होकायंत्र पलीकडे सरकवलं. सुई गर्रकन वळून पुन्हा त्याच जागेकडे बघू लागली.

"आजी, खाली काहीतरी आहे."

सायकालने नकाशा उचलला. कोटाच्या आतल्या खिशात चाकू होता. धुक्यातलं वाईट लेकराला शिवू नये म्हणून सकाळी तिनेच ठेवलेला. इथे प्रत्येक घर ठेवतं.

"लोखंड!" बुरुल हसली. "लोखंड जवळ ठेवू नये, तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं. कुबातनेही तिला हेच शिकवलं होतं. पण हा चाकू कधी कुणी लोखंडात मोजलाच नव्हता.

"मग कुबात आजोबांच्या कोटातही होता?"

"होता."

"कोणी ठेवलेला?"

सायकालने पात्यावरून अंगठा फिरवला.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "कोट घाल. आणि पावलं मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ देत."

बुरुलने सुई पाहिली, पाण्याच्या आवाजाकडे पाठ केली आणि चालू लागली. एक. दोन. तीन.

दहा मोजून होईपर्यंत सायकाल जागची हलली नाही. मग चाकू मुठीत घेऊन, तेवढंच अंतर राखत, ती नातीच्या आवाजामागून निघाली.